‘रे’ संपेपर्यंत पाय काढायचा नाही

आमचा ट्रक समोर राहणाऱ्या मास्तरांच्या फाटकावर आदळला असं मास्तर सांगतात. मी ‘टेकला’ म्हणतो. कारण तो इतक्या सावकाश येत होता, की मास्तरांना फाटक उघडून, बाजूला होऊन, वर मला नमस्कार करायलाही वेळ मिळाला असता. तो वेळ त्यांनी “अहो, अहो, अहो” म्हणण्यात घालवला. पस्तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवलेल्या माणसाला एखादी वस्तू सरळ रेषेत आपल्याकडे येते आहे हे सिद्ध करायला वेळ लागतो, हे मी समजू शकतो. पण मग दोष एकट्या माझ्यावर टाकू नये.

झालं होतं एवढंच, की रविवारी सकाळी ट्रक धुवायला म्हणून मी तो चार हात पुढे घेतला आणि ब्रेक दाबला. पेडल कसलीही कुरकुर न करता थेट तळाला गेलं. शेवाळल्या पायरीवर पाय पडावा तसा माझा पाय गेला, आणि पाठोपाठ फाटक.

नाना, म्हणजे माझे वडील, ओट्यावर उभे होते. त्यांनी ट्रकखालून वाहत येणारा काळपट ओघळ पाहिला, खाली उतरून त्यात बोट बुडवलं, वास घेतला आणि मुरलेल्या वैद्याच्या शांतपणे म्हणाले, “पाइप गेला.”

“आणि माझं फाटक?” मास्तर म्हणाले.

“तेही गेलं,” नाना म्हणाले.

विमा कंपनीतल्या हेडक्लार्कच्या दारात ट्रक कशासाठी, असं नवीन ओळख झालेली माणसं विचारतात. जुनी विचारत नाहीत. हा ट्रक नानांनी चौतीस वर्षं चालवला. आठवडाभर बाजाराचा माल वाहायचा आणि शनिवारी संध्याकाळी मैदानात उभा राहायचा. मग मागचा फाळका खाली सोडला की हौद्याचं व्यासपीठ व्हायचं, बुवा वर चढून कीर्तनाला उभे राहायचे, पेटीवाला चाकाच्या कमानीवर बसायचा, आणि ज्या हौद्यात सकाळी कांद्यांची पोती होती तिथून संध्याकाळी माणसाला संसारातून तारून नेण्याच्या गोष्टी ऐकू यायच्या. कांद्याचा वास मात्र रेंगाळायचा. पूर्वरंगातच लोकांचे डोळे भरून येत, त्याचं सगळं श्रेय बुवांना देणं कितपत योग्य, हा विचार मी लहानपणीच केला होता.

आता ट्रक माल वाहत नाही. फक्त नानांना वाहतो, तेही जागच्या जागी. रोज अंघोळ झाली की ते चोवीस पावलं चालून केबिनमध्ये चढतात, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवतात आणि अर्धा-पाऊण तास हळू आवाजात जुनी पदं म्हणतात. शेजारची सीट आईची. उतार लागला की ती घाबरून पायाने पत्रा दाबायची, जणू तिच्याही बाजूला ब्रेक आहे. त्या पत्र्याला तिच्या टाचेचा खळगा पडलाय. आई जाऊन सहा वर्षं झाली. नाना तो पत्रा बदलू देत नाहीत.

आणि नेमकं त्याच महिन्यात पासिंगच्या ऑफिसातून पत्र आलं होतं. वीस तारखेच्या आत गाडी तपासणीला आणून पास करून घ्यावी, अन्यथा नोंदणी रद्द होऊन गाडी भंगारात जमा करावी लागेल. पत्र मी नानांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, “मग मी सकाळी बसू कुठे?” बस, एवढंच. ओट्यावर खुर्ची आहे, आत सोफा आहे, असं मला म्हणता आलं असतं.

हातात बारा दिवस होते.

गॅरेजवाल्या उस्तादला बोलावलं. तो पुठ्ठा अंथरून खाली शिरला, स्क्रूड्रायव्हरने दोन ठिकाणी टिचकी मारली आणि गंजाचा सडा अंगावर घेऊन बाहेर आला.

“साहेब, हे पाइप नाहीत. ही पाइपांची आठवण आहे. सगळे बदला.”

“कधी बदलतोस?”

“या मॉडेलचे तयार मिळत नाहीत. सरळ नळी आणायची, मापाने कापायची, वळवायची, टोकं फुलवायची. माझ्याकडे तीन आठवडे हात मोकळा नाही.”

“दुसरं कुणी?”

उस्ताद काही बोलायच्या आत नानांनी निकाल दिला. “गाडी ज्याला चालवायचीय, त्यानेच ब्रेक बसवावेत. आपल्याकडे तशीच पद्धत आहे.” आणि माझ्याकडे पाहिलं.

खरं तर मी तिथेच नाही म्हणायला हवं होतं. माझ्या हाताला फायलीची नाडी बांधण्यापलीकडे कष्ट माहीत नाहीत. पण समोर मास्तर उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ‘ढ’ विद्यार्थ्याला फळ्याजवळ बोलावतानाचं हसू होतं. तेव्हा मी मोठ्याने म्हणालो, “त्यात काय! चार नळ्या तर बसवायच्या.”

“पाच,” नाना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून रजा काढली. रजेच्या अर्जावर कारण ‘वडिलांच्या ब्रेकचे काम’ असं लिहिलं, त्यावर मॅनेजरनी “शस्त्रक्रिया कुठे आहे?” असं आपुलकीने विचारलं. उस्तादने नळीचं भेंडोळं आणि टोक फुलवायचं अवजार उसनं दिलं. मास्तरांनी सल्ला दिला. तो उसना नव्हता, कायमचाच होता.

“वाकडी लांबी पट्टीने मोजायची नसते,” ते म्हणाले. “दोरा घ्या. जुन्या पाइपाच्या वळणावळणाने फिरवा, कापा, सरळ करा. झाली लांबी. अहो, साधी भूमिती आहे!”

दोरा सापडला नाही. लोकरीचा गुंडा सापडला. मी खाली झोपून लोकर चांगली ताणून, कुठेही ढिली पडू न देता, पाचही पाइप मोजले आणि तुकडे चिठ्ठ्या लावून ओळीने ठेवले. ऑफिसात माझ्या टेबलाची जी कीर्ती आहे ती उगाच नाही. त्या मापाने नळ्या कापल्या. नेऊन लावतो तर प्रत्येक नळी वीतभर आखूड!

मास्तरांनी लोकरीचा तुकडा हातात घेतला, ताणला, सोडला. ताणला, सोडला. “तुम्ही हिला ताणलंत,” ते म्हणाले.

“तुम्हीच म्हणालात...”

“मी दोरा म्हणालो. लोकर हा दोरा नव्हे, हा स्वभाव आहे.”

एवढ्यात बायको बाहेर आली आणि चिठ्ठ्या लावलेले पाच लाल तुकडे पाहून जागीच थांबली.

“अहो, कुणाच्या स्वेटरची लोकर आहे ही, माहितीये?”

“कुणाच्या?”

“तुमच्या!”

तो स्वेटर मी अजून वापरतो. त्याची डावी बाही मनगटाच्या चार बोटं आधी संपते. कुणी विचारलं तर मी मागचा डावा पाइप, असं सांगतो.

मग मी खरा दोरा आणला आणि नव्याने कापलं. आता टोकं फुलवण्याचं काम. नळीचं तोंड त्या अवजारात धरून पिळत गेलं की ते फुलाच्या कळीसारखं उमलतं आणि नटाच्या आत घट्ट बसतं. हे काम मला साधलं. खरंच साधलं. पहिलं टोक, दुसरं, तिसरं करत दहाच्या दहा टोकं अशी उमलली की मी पाचही नळ्या ट्रेमध्ये ठेवून घरोघर दाखवून आलो. मास्तरांनी भिंग लावून पाहिलं आणि “वर्तुळ निर्दोष आहे,” असं प्रमाणपत्र दिलं. त्यांच्या पत्नीनेही, “भावजी, तुमच्या हातात कला आहे हो,” म्हटलं. बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात मला हे कुणी म्हटलेलं नव्हतं.

शेवटी ट्रे नानांसमोर धरला. त्यांनी एक नळी उचलली, या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रेमाने बोट फिरवलं आणि विचारलं, “नट कुठाय?”

नट वाटीत होते. दहाच्या दहा.

“दोन्ही टोकं फुलवलीस. आता नट नळीवर कुठून चढवणार? मंत्र म्हणून?”

मी नळीकडे पाहिलं, नटाकडे पाहिलं. नटाचं भोक एवढंसं आणि टोक तेवढं मोठं. अहंकाराने फुगलेल्या माणसाला मुक्तीच्या दारातून आत जाता येत नाही, हे मी किती कीर्तनांत ऐकलं असेल! पण दृष्टांत आपल्या मांडीवर येऊन पडेपर्यंत माणसाला तो शेजाऱ्यासाठीच आहे असं वाटतं.

“नट आधी,” नाना म्हणाले. “मग फुलणं.”

टोकं कापून टाकावीत तर नळ्या पुन्हा आखूड. म्हणजे सगळं पहिल्यापासून. उस्तादने भेंडोळं देताना माझ्याकडे पाहिलं आणि अर्ध्याऐवजी अख्खं दिलं.

आठव्या दिवशी पाच पाइप जागेवर बसले. तोवर आणखी एक प्रकार होऊन बसला होता, पण तो मी लपवून ठेवला होता. ब्रेकच्या तेलाने निथळणारं फडकं मी केबिनच्या दारावर वाळत घातलं आणि विसरलो. ब्रेकचं तेल रंग खातं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दोन दिवसांनी फडकं ओढलं तर त्याच्याबरोबर ट्रकचा हिरवा रंगही आला. ताटाएवढा पापुद्रा! खाली काय निघालं तेही न पाहता मी घाईने त्या जागेवर वर्तमानपत्राचं पान खळ लावून चिकटवलं, आणि नानांनी विचारलं तेव्हा “तिथे ऊन लागू द्यायचं नाही” असं काहीतरी बोललो. परमेश्वर क्षमा करो. नानांनी नुसतं हं केलं.

राहिली होती हवा काढायची. नव्या पाइपांत हवा अडकलेली असते. ती निघाली नाही तर पेडल मऊ लागतं आणि गाडी थांबायचं की नाही याचा विचार करत बसते. एकाने वर बसून पेडल दोनदा मारायचं आणि तिसऱ्यांदा दाबून धरायचं. दुसऱ्याने खाली चाकाजवळचं निपल, म्हणजे हवा सोडायचा छोटा पोकळ स्क्रू, सैल करायचं. हवा आणि तेल बाहेर आलं की निपल आवळायचं आणि मगच वरच्याने पाय उचलायचा. आधी उचलला तर सगळी हवा पुन्हा आत.

वर नाना, खाली मी. पण चौतीस वर्षं इंजिनाशेजारी बसून नानांचे कान इंजिनालाच वाहिलेले.

“दाबा!” मी खालून ओरडलो.

“काय?”

“दाबा!”

केबिनचं दार उघडलं. नाना उतरले, वाकले. “काय म्हणतोस?”

“दाबा म्हणतोय.”

“मग तसं सांग की!” ते पुन्हा वर चढले. तोवर तेल माझ्या बाहीतून काखेत गेलं होतं.

मास्तरांनी मध्ये उभं राहून निरोप पोचवायची तयारी दाखवली. पण शिक्षकाचा स्वभाव! मी “सोडू नका!” म्हणालो की ते वर जाऊन, “नाना, चिरंजीवांचं म्हणणं असं, की पाय इतक्यात सोडणं इष्ट नाही,” असं सांगत. वाक्य पूर्ण होईपर्यंत नानांनी पाय सोडलेला असे. पाऊण बाटली तेल गेलं. हवा जिथल्या तिथे होती.

वैतागून मी हातातला पाना चासीवर आपटला. ठण्ण! वरून नानांचा आवाज आला, “काय रे?” मी पुन्हा आपटला. “कळतंय, कळतंय,” नाना म्हणाले. “पायाला कळतंय.”

मग वरून, केबिनच्या फळ्यांतून, ते आलं:

“तूच चालवी, तूच थांबवी, आम्ही नुसते बसलो रे...”

माझे हात जागीच राहिले.

मी आठ वर्षांचा होतो. बसलो तर पाय पोचायचे नाहीत, म्हणून स्टिअरिंगला लोंबकळून मी पेडलवर दोन्ही पायांनी उभा राहायचो. खाली नाना. ते शनिवारच्या कीर्तनातलं बुवांचं हे ध्रुपद खालून म्हणायचे, पाना वाजवत. ‘तूच चालवी’ला एक, ‘तूच थांबवी’ला दोन, ‘आम्ही’ला दाबायचं आणि धरून ठेवायचं. मी दर वेळी ‘बसलो’लाच पाय काढायचो आणि खालून आरोळी यायची, “‘रे’ संपेपर्यंत पाय काढायचा नाही! हवा जाते आत!” निपल सैल असलं तर ‘रे’ आखूड. गंजलेलं असलं तर ‘रे’ लांबत लांबत पार मैदानापर्यंत जायचा. बुवांनी एकदा नानांना विचारलं होतं, एवढी लांब आलापी तुम्ही कुणाकडे शिकलात? नाना म्हणाले होते, “मागच्या उजव्या चाकाकडे.”

मी पाना उचलला. आता ताल माझ्या हातात होता आणि पाय त्यांचा. वरून त्र्याऐंशी वर्षांचा आवाज, खालून ठण, ठण. तीन चाकं सुरळीत झाली. राहिलं मागचं उजवं. ते तेव्हाही हट्टी होतं. निपल सुटलं खरं, पण परत आवळेना. आटा तिरका धरला. “बसलो रे...” नानांनी सूर धरला. मी एका हाताने पाना फिरवतोय, दुसऱ्या हाताने चासी वाजवतोय, अजून नाही, अजून नाही. नानांचा श्वास संपला. सूर तुटला. मला वाटलं, गेला पाय! तर मास्तरांनी तो ‘रे’ उचलला. बेसूर, पण भक्कम. त्यांचा संपला तर दारातून माझ्या बायकोने उचलला. खालून मला नानांचा पाय दिसत नव्हता. दिसत होतं ते निपलमधून थेंबाथेंबाने येणारं तेल. त्यात एकही बुडबुडा नव्हता. म्हणजे पाय जागेवर होता.

आटा बसला. मी ठोकणं थांबवलं. वरून हलकेच पेडल सुटल्याचा आवाज आला आणि नाना म्हणाले, “हेडक्लार्क, हवा गेली का रे?”

“गेली, नाना.”

एकोणीस तारखेला आम्ही पासिंगला गेलो. मी चालवत होतो, नाना शेजारी. तपासणीचे साहेब नानांच्या नातवाच्या वयाचे, हातात पाटीला लावलेला कागद. त्यांनी ट्रककडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं.

“कागदावर रंग निळा. गाडी हिरवी.”

तीस वर्षांपूर्वी बाजाराच्या ठेक्याला हिरवाच ट्रक लागतो म्हणून नानांनी दोन दिवसांत तो रंगवला होता. नोंद करायची राहिली होती.

“आता नोंद करतो, साहेब.”

“अर्ज द्या. महिना लागेल.”

“उद्या वीस तारीख!”

“ते पत्रात लिहिलंय,” साहेब म्हणाले आणि त्यांची नजर दारावरच्या वर्तमानपत्रावर गेली. “हे काय लपवलंय?” आणि त्यांनी ते कोपऱ्याला धरून ओढलं.

खाली निळा रंग होता. स्वच्छ, माझ्या लहानपणचा निळा. त्यावर पांढऱ्या अक्षरांत अर्धवट दिसत होतं: ‘तूच थांब’. बाकीचं ध्रुपद हिरव्याखाली होतं. मीही ते विसरलो होतो.

“मूळ रंग काढताय का वर?” साहेबांनी विचारलं.

फडक्याची खरी हकिगत सांगायला मी तोंड उघडलं. नानांनी ऐकू न येणाऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात सांगितलं, “मुलाने सुरुवात केलीय, साहेब! सवडीने करतोय. चांगला आहे पोरगा, पण हळू आहे.”

साहेबांनी ती चार अक्षरं पुन्हा वाचली. मग कागदावर लिहिलं: ‘रंग निळा. वरचा थर उतरविण्याचे काम चालू.’ सरकारी कागदावर इतकं खरं वाक्य मी दुसरं पाहिलेलं नाही. ते काम अजून चालू आहे. गेल्या वर्षी मी ‘आम्ही नुसते’पर्यंत पोचलो.

“आता ब्रेक,” साहेब म्हणाले. “त्या टोकावरून वेगात या. मी हात खाली केला की पांढऱ्या पट्ट्याच्या आत थांबायचं. पुढे गेलात तर परत बोलावणार नाही.”

मी टोकाला गेलो, वळवला, गियर टाकले. ट्रक धावू लागला. साहेबांचा हात वर होता, पट्टा जवळ येत होता. हात खाली आला. मी दाबला.

पेडल दगडासारखं लागलं. चाकं ओरडली, हौदा थरथरला, आणि ट्रक पट्ट्याच्या दोन हात अलीकडे उभा राहिला. बोनेटवरचा सुटलेला एक हिरवा पापुद्रा तेवढा उडून पुढे गेला.

मी श्वास सोडला आणि नानांकडे पाहिलं. ते डोळे मिटून बसले होते. ओठ ‘रे’वर ताणलेले. आणि आईच्या टाचेने जो खळगा पडलाय, त्यात पाय रोवून ते सगळ्या ताकदीने पत्रा दाबत होते.

मी त्यांच्या खांद्याला हात लावला. “नाना, थांबली गाडी. काढा आता पाय.”

त्यांनी एक डोळा उघडून काचेतून पाहिलं. साहेब अजून पाटीवर काहीतरी लिहीत होते.

“शिक्का मारू दे आधी,” नाना म्हणाले. “अजून ‘रे’ संपला नाही.”